पेडलपंत

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की पेडलपंतांना कोकण दिसू लागतं. पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, एखादे तरी पेडलपंत सापडतीलच. वय पंचेचाळीसच्या पुढे, नोकरी संगणकावरची, फ्लॅटचं कर्ज फिटलेलं, मुलगा परदेशात. डॉक्टरांनी ‘रोज थोडं चालत जा’ एवढंच सांगितलेलं असतं. पंतांना ते ‘सायकलने रेडीला जा’ असं ऐकू आलेलं असतं.

पंतांची सायकल पार्किंगमध्ये राहत नाही. ती हॉलमध्ये सोफ्याच्या मागे उभी असते आणि पाहुण्यांनी तिला धक्का न लावता बसायचं असतं. तिच्या किमतीचे तीन आकडे आहेत. एक घरी सांगायचा, एक सायकलच्या ग्रुपमध्ये सांगायचा आणि एक फेरीबोटीवर कुणी विचारलं तर सांगायचा. खरा आकडा फक्त दुकानदाराला ठाऊक आहे आणि तो भला माणूस असल्याने गप्प आहे.

निघण्याआधी पंधरा दिवस स्वयंपाकघरातला वजनकाटा पंतांच्या ताब्यात जातो. पॅनियरच्या पिशव्या, पंक्चर किट, दोन ट्यूब, चेनचं तेल, इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्या, सगळं ग्रॅममध्ये मोजून एक्सेलमध्ये चढतं. टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापला जातो. चार ग्रॅम वाचतात. टॉवेलच्या जागी रुमालाएवढं एक कापड येतं, ज्याने माणूस कोरडा होत नाही पण हताश होतो. खुद्द पंत ब्याऐंशी किलोंचे आहेत आणि त्यातले दोन-अडीच निव्वळ चकलीचे. पण तो मुद्दा निघत नाही, कारण काटा पाच किलोंपर्यंतचाच आहे.

मार्ग ठरलेला असतो: रेवस ते रेडी, सागरी महामार्ग. बॅरिस्टर अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हापासून या रस्त्याविषयी बोललं जातंय आणि मधल्या काही खाड्यांवर पूल अजून व्हायचेच आहेत. नावात सागर आहे म्हणजे रस्ता सपाट असणार, अशी पंतांची पहिल्या वर्षी समजूत होती. कोकणात समुद्रकाठचा रस्ता समुद्राच्या काठाने फार वेळ जात नाही. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या घाईघाईने पश्चिमेला धावतात आणि जांभ्याचा सडा कापत समुद्रात उतरतात. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. मोठ्या नद्यांच्या मधल्या फटी लहानसहान खाड्यांनी भरलेल्या. गाव खाली खाडीशी, रस्ता वर सड्यावर. त्यामुळे गाव आलं की उतरायचं आणि गाव संपलं की चढायचं. उंची फार नसते, शंभर-दीडशे मीटर. पण ती एकदा चढून संपत नाही, गावागणिक नव्याने भरावी लागते. एकेक ग्रॅम वाचवणाऱ्या पंतांना हा हप्ता दिवसातून आठ-दहा वेळा भरताना पाहिलं की कुणालाही कणव येईल.

स्थानिक माणसाला मात्र हा चढ दिसतच नाही. पंत केळशीच्या अलीकडे धापा टाकत विचारतात, “पुढे चढ आहे का हो?” गडगा बांधणारा गृहस्थ हातातला दगड न ठेवता म्हणतो, “चढ? छे. जरा वर जायचं आणि मग उतरायचं.” अंतराचंही तेच. ‘हे काय, इथंच’ हे कोकणातलं माप अर्ध्या किलोमीटरपासून नऊ किलोमीटरपर्यंत कुठंही लागू पडतं. पंतांच्या हँडलवरचं यंत्र त्याला मान्यता देत नाही.

चढावर पंत सायकलवरून उतरत नाहीत. हा त्यांचा धर्म आहे. आंजर्ल्याच्या पुढचा चढ घ्या. सगळ्यात हलका गिअर पडलेला, पाय भरभर फिरताहेत, सायकल जेमतेम सरकतेय. शेजारून शाळेतून परतणाऱ्या तीन मुली आपापल्या सायकली हातात धरून चालताहेत. त्यांचा आणि पंतांचा वेग तंतोतंत सारखा. मुलींच्या गप्पांत गणिताच्या बाई, कुणाच्या ताईचं लग्न आणि येत्या जत्रेतल्या बांगड्या असा सगळा ऐवज येऊन जातो; पंतांना तो नाइलाजाने पूर्ण ऐकावा लागतो, कारण ना पुढे जाता येतं, ना मागे राहता येतं. शेवटी एक जण दप्तरातून बाटली काढून विचारते, “काका, पाणी हवंय का? आणि उतरून चाला ना, लवकर पोचाल.” यातलं ‘काका’ पंतांना जास्त लागतं.

पंतांचा खरा शत्रू चढ नाही, वेगाची सरासरी आहे. वेळासला फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात आणि ती बघायला लोक दुरून येतात. पंत जानेवारीत वेळासवरून जातात आणि फाट्यावर थांबतही नाहीत, कारण सरासरी पडते. हर्णैला संध्याकाळी बोटी लागतात आणि वाळूवरच मासळीचा लिलाव पुकारला जातो. पंत तिथून दुपारी दोनला गेलेले असतात. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकाशी मात्र ते दरवर्षी थांबतात. तिथे सावली चांगली आहे आणि पुढच्या उताराआधी ब्रेक आवळायला ती जागा सोयीची पडते.

फोटो निघतात, भरपूर निघतात. पण त्यांचीही शिस्त आहे. सायकल चेनच्या बाजूने दिसली पाहिजे, पेडल आडवं हवं, आणि मागे काय आहे ते मागे असावं. पंतांच्या संग्रहात सुवर्णदुर्ग आहे, दोन्ही चाकांच्या मधून थोडासा. कड्यावरचा गणपतीही आहे, हँडलच्या वर. कुणी विचारलं, “देऊळ छान दिसतंय, आत गेला होता का?” तर पंत म्हणतात, “आत क्लीट्सचे बूट चालत नाहीत.”

या सगळ्यात माणूस म्हणून ते भेटतात ते फेरीबोटीवर. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. बोट येईपर्यंत काहीच करता येत नाही आणि सरासरीचा दोष सरकारवर जातो. मग पंत टपरीवर चहा घेतात, मासे घेऊन निघालेल्या बाईंशी गप्पा मारतात, त्यांच्या टोपलीत काय आहे ते ओळखू पाहतात आणि चुकतात. बाई हसतात, पंतही हसतात. इतका वेळ आखडलेला माणूस थोडा सैल होतो. बोटीवर मात्र यंत्र बंद करायचं राहून गेलं तर पंचाईत. यंत्राच्या मते पंत खाडीवरून सायकल चालवत पलीकडे गेले. असं झालंच तर रात्री खोलीवर बसून ते पाण्यावरचं अंतर नोंदीतून काढून टाकतात. एवढी सचोटी ते प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवत नाहीत.

मुक्काम ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाटीखाली. गुहागरच्या काकूंनी पंतांचे ते गादीवाले, अंगाला चिकटलेले चड्डीवजा कपडे दोरीवर वाळत घातलेले पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहज विचारलं, “पाठीचा काही त्रास आहे का हो?” पंतांनी कापडाच्या तंत्राविषयी पाच मिनिटं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, घावणे वाढले आणि निघताना दोन नारळ, आमसुलांची पुडी आणि फणसपोळी हातात ठेवली. “घरी न्या, वहिनींना द्या.” नाही म्हणायची सोय नव्हती. चार ग्रॅमसाठी दांडा कापलेला टूथब्रश ज्या पॅनियरमध्ये होता, त्याच पॅनियरमध्ये दोन सोललेले नारळ गेले. पुढच्या चढावर ते एकमेकांवर आपटत राहिले आणि पंतांना त्यांचा आवाज मोजता आला नाही.

मालवणात पोचल्यावर चौकशीची धाटणी बदलते.

“खंयसून इलात?”

“पुण्याहून. सायकलवर.”

“कित्याक? एस्टी बंद आसा काय?”

यावर पंतांकडे उत्तर आहे: निसर्ग, शरीर, मन, मोकळेपणा. ते सगळं त्यांना पाठ आहे. विचारणाऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, विडी पेटवली आणि शेजाऱ्याला सांगितलं, “एस्टी चालू आसा म्हणता.”

रेडीहून परतीचा प्रवास ट्रॅव्हल्सच्या डिकीतून होतो, सायकलचा. पंत वर सीटवर बसतात. घाट चढून पुण्याला यायचा विषय कुणी काढत नाही. मग रविवारी ग्रुपची बैठक, चहा, पोहे आणि भिंतीवर आलेख. पंत म्हणतात, “यंदा कोकण केलं.” कुणी विचारतं, दाभोळला चंडिकेच्या गुहेत गेलात का, गुहागरचा किनारा कसा आहे, जेवायला काय मिळालं. पंतांचं बोट आलेखावरच्या एका टोकावर जातं. “हे दाभोळ. हे बघा, इथे साखळीला किती ताण आलाय.”

या वर्षी मात्र नवी योजना आहे. पंतांनी घरात जाहीर केलं आहे की मार्ग उलटा घ्यायचा, रेडीहून रेवसला. म्हणजे गेली काही वर्षं छळणारे सगळे चढ उतार होतील. हिवाळ्यात दुपारचा वारा बहुतेक वायव्येचा असतो आणि तो सगळा तोंडावर येणार, हे त्यांना मी सांगितलेलं नाही. ज्याचा त्याचा सण असतो. वहिनी तेव्हा आमसुलाचं सार करत होत्या. कढईतून मान वर न काढता त्यांनी विचारलं, “आणि उतारांचं काय होणार?”

पंतांनी एक्सेल उघडलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.