मारतहळ्ळीहून दीड तासात पुणे : प्रवाशांसाठी नियमावली

ही नियमावली मारतहळ्ळी, महादेवपुरा, बेळ्ळंदूर आणि आसपासच्या पीजीत राहणाऱ्या व दिवाळीला पुण्याला निघणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. नियम क्रमाने पाळावेत. मध्येच शहाणपण करू नये.

१. अंतर : बंगळूर विमानतळ ते पुणे विमानतळ सरळ रेषेत सुमारे ७२० किलोमीटर, रस्त्याने शहर ते शहर ८४०च्या आसपास. पहिला आकडा पाठ करावा. चारचौघांत सांगायला बरा पडतो, प्रवासात त्याचा उपयोग नाही.

२. उड्डाणाचा वेळ : तिकिटावर साधारण दीड तास लिहिलेला असतो. विमान इथल्या जागेवरून हलले की तो सुरू होतो आणि पुण्यात जागेवर उभे राहिले की संपतो. तुम्ही जागेवरून कधी हललात, याची त्यात नोंद नसते.

३. विमानतळ : मे २००८पर्यंत विमाने शेजारच्या एचएएलवरून सुटत. रिक्षाने जाऊन विमान पकडता येई. ही सोय फार झाली म्हणून की काय, विमानतळ देवनहळ्ळीला, चाळीसेक किलोमीटरवर गेला. एचएएलच्या धावपट्टीवरून आजही विमाने उडतात. ती गच्चीतून पाहावीत, त्यांचे तिकीट मिळत नाही.

४. निघणे : विमान रात्री आठचे असेल तर चारला घर सोडावे. रिंग रोडवर टिन फॅक्टरीपाशी नकाशातली निळी रेघ लाल होते. ‘हेण्णूर साइड, सार?’ असे ड्रायव्हर विचारतो. होय म्हणा, नाही म्हणा, गाडी वळलेली असते. ‘वायुवज्र’ बसने जाणाऱ्यांनी खिडकी धरावी. हेब्बाळचा पूल सावकाश पाहायला मिळतो.

५. आईचा फोन : हा टिन फॅक्टरीपाशीच येतो.
‘निघालास का रे?’
‘हो, केव्हाच.’
‘मग दीड तासात येशील. कणीक भिजवते.’
‘आई, अजून केआर पुरमला आहे गं!’
कणीक विमान लोहगावला उतरल्यावर भिजवावी. कोथरूडला पोचेपर्यंत ती छान मुरते.

६. हिशेब : रस्त्यात दोन तास, विमानतळावर रांगा आणि तपासणी धरून दोन, विमानात दीड, मग बॅग आणि कोथरूडपर्यंतची टॅक्सी मिळून दीड. एकूण सात. म्हणजे चाळीस किलोमीटरला दोन तास आणि त्याच्या अठरापट अंतराला दीड. गणित बरोबर आहे, पुन्हा करू नये.

७. तक्रार : रात्रभर चालणाऱ्या स्लीपर बसला याच्या दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे विमानाबद्दल कुरकुर करायला फारशी जागा नाही. सगळी कुरकुर रिंग रोडकडे वळवावी.

तेव्हा विमानाला किती वेळ लागतो, हे कुणाला विचारू नका. घरून किती वाजता निघायचे तेवढे विचारा, आणि त्याच्याही अर्धा तास आधी निघा.