गळती थांबवा, फाइल भरा

मूल्यांकनाला नॅकची समिती येणार म्हटलं की महाविद्यालयाला दोन गोष्टी आठवतात: रंगाचा डबा आणि विद्यार्थी. मग गळती रोखायला उपसमिती स्थापन होते, प्रत्येक गटाला एक पालक-शिक्षक मिळतो आणि मागच्या तीन वर्षांच्या समुपदेशनाच्या नोंदी एका दुपारी, एकाच निळ्या पेनाने पूर्ण होतात. 'अडचण : आर्थिक. उपाय : धीर दिला.' खाली सही, शिक्का.

हा पालक-शिक्षक बहुधा तासिका तत्त्वावरचा. नेमणूक सत्रापुरती, मानधन येईल तेव्हा. 'शिक्षण सोडू नकोस' हे सांगायचं काम ज्याच्याकडे, तो स्वतः पुढच्या जूनमध्ये इथे असेल का, हे प्राचार्यांनाही ठाऊक नसतं.

पोरं का गळतात, हे शोधायला समिती लागत नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज 'प्रलंबित', वसतिगृहाच्या यादीत नाव नाही आणि गावाकडची शेवटची एसटी शेवटच्या तासाआधीच सुटते. त्यावर कॉलेजचा इलाज ठरलेला: ७५ टक्के हजेरीची नोटीस.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तर प्रश्नच निकालात काढला. एका वर्षानंतर सोडलंत तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. म्हणजे आता गळती नाहीच. सगळे कागद घेऊन सन्मानाने बाहेर. उद्या ऊसतोडीला गेलेल्या पोराकडेही प्रमाणपत्र असेल. कोयता चालवताना ते कुठे ठेवायचं, याचं परिपत्रक तेवढं निघायचं बाकी आहे.