डेटाबेसराव, नेमके लिलावाच्याच दिवशी?

श्री. रा. रा. डेटाबेसराव यांस,
मु. पो. पोटमाळा, नगर

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा नेप्तीला कांद्याचा लिलाव ऐन भरात असताना आपण पुन्हा दिसेनासे झालात. जेऊरच्या शेतकऱ्याला एका हाताला नेप्ती, दुसऱ्या हाताला घोडेगाव. गाडी कुठे वळवायची ते ठरवायला तो आमच्या वेबसाइटवरचं भावाचं पान उघडतो. त्याला दिसलं पांढरं पान आणि इंग्रजीतली एक ओळ.

आपल्या वेळसाधूपणाचं कौतुक करावं तितकं थोडं. पहाटे तीनला चिटपाखरू फिरकत नाही, तेव्हा आपण ठणठणीत. बाजार बंद असला की आणखीच ठणठणीत. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी लागू झाली, जो तो भाव बघायला मोबाइलवर तुटून पडला, आणि आपण त्याच सकाळी अंथरूण धरलंत.

वर आपला तो निरोप! ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन.’ पासवर्ड चुकला तरी हीच ओळ, डिस्क भरली तरी हीच, आपण जागेवरच नसलात तरी हीच. बाकीचं आम्ही मुकाट सोसलं. मराठी मथळ्यावरून बनणारा पानाचा पत्ता बाविसाव्या चिन्हाला तुटतो, कारण रकान्यात जागा 200 आणि टक्क्यांच्या खुणांत आमचं एकेक अक्षर, एकेक मात्रा नऊ जागा खाते. त्याबद्दल कधी ब्र काढला का?

आपल्या दुखण्यावर औषध सांगणारे मात्र गल्लोगल्ली. सगळ्यांचं औषध एकच, ‘रीस्टार्ट मारा’. एका जाणकाराने तर आपल्या जोडण्यांची मर्यादा 151 वरून 500 करून दिली. रॅम तेवढीच, दोन जीबी. फी मात्र रोख.

तेव्हा परवा रात्री, आपली हजेरी घ्यायचीच म्हणून, सर्व्हरच्या लिनक्स कर्नलची नोंदवही उघडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’, आणि पुढे तुमचं नाव. तुम्ही पळाला नव्हतात. तुम्हाला मारलं होतं.

मेमरी संपली की लिनक्स कुणाचातरी बळी देतं, बहुधा सगळ्यांत जास्त मेमरी धरून बसलेल्याचा. ती संपवली कुणी? येणाऱ्या प्रत्येकासाठी पान बनवून देणाऱ्या पीएचपीची एक प्रक्रिया उभी राहत होती, पन्नासपर्यंत मुभा दिलेली. त्यात निम्मे पाहुणे शेतकरीही नव्हेत, लॉगिनच्या पानावर पासवर्ड चाचपणारे बॉट. एकेक प्रक्रिया चिल्लर, बेरीज अवाढव्य. पण एकटे तुम्हीच थोराड दिसता, म्हणून सुरी तुमच्या मानेवर. मग सिस्टिम तुम्हाला पुन्हा उठवते. तुम्ही बिचारे अर्धवट राहिलेले व्यवहार लॉगवरून जुळवायला बसता, तोवर दारात ताटकळलेली गर्दी आत घुसते आणि पुन्हा खून. अन् म्हणे रीस्टार्ट मारा! अरे, पैसे घेताना लाज वाटली नाही ती नाही, एकालाही ती नोंदवही उघडून बघावीशी वाटू नये?

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हाही शिव्या तुम्हीच खाल्ल्यात. 2024 मध्ये आम्ही अधिकृतपणे अहिल्यानगरकर झालो. त्याच जाणकाराने थेट तुमच्या तक्त्यांत घुसून ‘अहमदनगर’ काढून ‘अहिल्यानगर’ भरायचा एका ओळीचा हुकूम सोडला. पान उघडलं तर बाजूच्या चौकटी गायब, थीमची मांडणी गायब. निदान तयारच होतं: ‘डेटाबेस करप्ट झाला.’ काही करप्ट झालं नव्हतं. आमची वेबसाइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस असल्या मांडण्या साठवताना मजकुराच्या आधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहून ठेवतं. अहमदनगरचे बाइट 21, अहिल्यानगरचे 30. नाव बदललं, आकडा 21 च राहिला, आणि हिशेब जुळेना म्हणून पीएचपीने अख्खी मांडणीच झिडकारली. तुम्ही सांगितलं तेवढंच इमानाने केलं होतंत.

असो. पीएचपीच्या प्रक्रिया आठवर आणल्या आहेत. जोडण्यांची मर्यादा पुन्हा 151. लॉगिनच्या पानाला कुलूप. भावाचं पान यापुढे पाच मिनिटांतून एकदाच तुम्हाला विचारून तयार ठेवलं जाईल, मग ते दहा जणांनी बघो की हजारांनी. एवढं करूनही पुढच्या लिलावाला आडवे पडलात, तर आधी नोंदवही बघीन आणि मगच तोंड सोडीन.

कळावे,
आपला वैतागलेला घरमालक

ता. क. शेतकरी आणि आडतदार मंडळींना विनंती : पान उघडलं नाही तर वरून खाली बोट ओढत बसू नका. दर वेळी रांगेत आणखी एक मागणी उभी राहते. दहा मिनिटं थांबा, नाहीतर सरळ फोन करा. भाव तोंडपाठ असतात.