कार्डाआधी अर्थिंग

पन्नास हजारांत गेमिंग पीसी बसवायचाय, एवढं वाक्य चारचौघांत उच्चारलं की बाकी कशाचा तुटवडा पडला तरी सल्ल्याचा पडत नाही. ज्याने जन्मात सिमकार्डाशिवाय दुसरं कार्ड बदललेलं नाही, तोही ग्राफिक कार्डावर अधिकारवाणीने बोलू लागतो. ‘रायझनच घे’, ‘इंटेलला तोड नाही’, ‘आठ जीबी व्हीरॅम नसेल तर पैसे पाण्यात’, अशी फर्मानं सुटतात. सोडणाऱ्याचा त्यात रुपया गुंतलेला नसतो, म्हणून आवाज खणखणीत लागतो. रुपया गुंतलेला असतो बापाचा, आणि अणदूरसारख्या गावात बापाचा रुपया बहुधा सोयाबीनमधून येतो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या हिशेबाने पन्नास हजार म्हणजे साडेनऊ क्विंटलच्या आसपास माल, तोही हमीभाव खरोखर हातात पडला तर. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे या पन्नासातले साडेसात हजारांहून थोडे जास्त सरकारजमा. पहिली गोळी झाडायच्या आधीच जवळपास दीड क्विंटल सोयाबीन शहीद झालेलं असतं. एवढा माल ज्यात ओतायचा त्या खरेदीत फुकटचा सल्ला किती चालवून घ्यायचा, हा खरा प्रश्न.

तक्रार सल्ला खोटा असतो अशी नाही. तो दुसऱ्या गावचा असतो. अणदूर सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. या रस्त्याने पश्चिमेला जात राहिलं तर पुण्यावरून मुंबईचा लॅमिंग्टन रोड येतो, कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पूर्वेला गेलं तर सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर. मदरबोर्डांच्या थप्प्यांचे दोन नामांकित बाजार एकाच डांबरी पट्ट्याने गावाला जोडलेले, असं भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला येतं. पण जळालेला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, दाखवायचा तर आधी पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचं सोलापूर गाठावं लागतं. सल्ला जिथून येतो तिथे लाइट जात नाही, खोली एसीत २५ अंशांवर असते आणि दुकान कोपऱ्यावर असतं. या तिन्ही गोष्टी गृहीत धरून केलेल्या यादीत ग्राफिक कार्ड सगळ्यात वर असतं आणि एसएमपीएस, यूपीएस, कॅबिनेट ही मंडळी ‘उरलेल्या पैशात बघ’ या सदरात असतात. माझं म्हणणं एवढंच की अणदुरात ही यादी खालून वर वाचावी.

सुरुवात भिंतीतल्या बोर्डापासून. गावाकडच्या जुन्या वायरिंगमध्ये बोर्डाला तीन भोकं असतात, पण वरच्या मोठ्या भोकामागे तार असेलच असं नाही; आणि असली तरी ती अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचते की वाटेतच भिंतीत वैराग्य घेते, हे घर बांधणाऱ्यालाच ठाऊक. एसएमपीएसच्या पोटात विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बाहेरच्या पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारा करंट मुकाट जमिनीत जातो. नसेल तर अख्खं कॅबिनेट २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदीच थोडा असतो, त्यामुळे सहसा इजा होत नाही. पण मागे पेनड्राइव्ह लावायला हात घातला की बोटांना मुंग्या येतात. शहरातल्या सल्लागाराला हे फोनवर सांगितलं तर तो आधी हसतो आणि मग म्हणतो, ‘चप्पल घालून खेळ.’ खड्डा, कोळसा, मीठ, पाइप, तार आणि वायरमनची मजुरी हा खर्च कोणत्याही ग्राफिक कार्डापुढे किरकोळ आहे. तरी पीसीच्या एकाही यादीत तो दिसत नाही, कारण अर्थिंगचा फोटो काढून मित्रांना पाठवता येत नाही.

बोर्डानंतर एसएमपीएस. संध्याकाळी डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड आला की व्होल्टेज बसतं आणि गेलेली लाइट परत येताना उसळतं. डीपीच जळाली तर बोलणंच खुंटतं. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतो. स्वस्तातले बरेच २०० ते २४० एवढ्याच पट्ट्यात. हा फरक अंगावरच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि ‘६५० वॅट’ मात्र तळहाताएवढ्या आकड्यांत. लोक शिक्का पाहून निर्धास्त होतात, पण २००४ पासून चालत आलेला ‘८० प्लस’ हा शिक्का मुळात एवढंच सांगतो की २०, ५० आणि १०० टक्के लोडवर आत गेलेल्या विजेतली निदान ८० टक्के वीज पीसीच्या कामाला येते. लाइटच्या उसळीत तो एसएमपीएस तरेल की मदरबोर्डाला सोबत घेऊन सती जाईल, याबद्दल शिक्का काही बोलत नाही. म्हणून वॅट थोडे कमी चालतील, पण व्होल्टेजचा पट्टा मोठा आणि वॉरंटी लांबची हवी.

यूपीएसचा हिशेब तर पाचवीतला पोरगा मांडेल. साध्या ६०० व्हीए यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गुणाकार केला की ८४ वॅट-तास. मधल्या दर्जाच्या कार्डाचा पीसी खेळताना अडीचशे वॅटपर्यंत ओढतो. कागदावर वीस मिनिटं निघतात, प्रत्यक्षात त्याची निम्मीही मिळत नाहीत, कारण लेड-अ‍ॅसिड बॅटरीला घाई सोसत नाही. कार्डाशिवायचा पीसी शंभर वॅटच्या आसपास भागवतो, तो बराच जास्त टिकतो. घरात इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस घेण्याआधी एकदा त्याच्या पाठीमागे वाकून पाहावं. अनेक इन्व्हर्टरांना तिथे एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस मोड आणि दुसऱ्या बाजूला ईको. लाइट गेल्यावर एसएमपीएस जेमतेम १६-१७ मिलिसेकंद दम धरतो. यूपीएस मोडवरचा इन्व्हर्टर साधारण १० मध्ये सूत्रं हाती घेतो. दुसऱ्या मोडवर त्याला जास्त वेळ लागतो, पंख्याला ते कळतही नाही, पीसी मात्र बंद पडतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं. एक बटण सरकवून अख्ख्या यूपीएसचे पैसे वाचू शकतात, पण ज्या सल्ल्यात काहीच विकत घ्यायचं नसतं तो द्यायला सहसा कोणाला सुचत नाही.

मग ऊन. प्रोसेसरवरचा पंखा खोलीपेक्षा थंड हवा कुठून आणणार? खोलीच्या तापमानावर तो अमुक अंश चढतो, आणि खोली तापली की तेवढाच वर सरकतो. एसीत २५ अंशांवर बसून ७५ दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ४१ अंशांच्या खोलीत ९१ दाखवेल. मी या यादीत धरलेल्या, अंगचं ग्राफिक असलेल्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश. त्याच्या जवळ गेलं की तो आपला वेग स्वतःच कमी करतो आणि पोरगा नेटवाल्याला शिव्या देतो. पत्र्याच्या खोलीत हे रोजचं. जुन्या माळवदाच्या घरात गारवा असतो, पण वरून माती झरते आणि जाळीच्या कॅबिनेटमध्ये पहिल्या पावसाळ्याआधीच छोटंसं शेत तयार होतं. तेव्हा समोर धुण्याजोगी जाळी असलेलं, जमिनीपासून वीतभर वर ठेवलेलं साधं कॅबिनेट घ्यावं. वरातीच्या गाडीसारखे लुकलुकणारे पंखे घ्यायला हरकत नाही, पण ते वारं किती फेकतात ते आधी विचारावं.

यावर ठरलेला आक्षेप येतोच: ‘सगळे पैसे विजेत आणि वाऱ्यात घातले, मग गेमिंग कुठंय?’ रास्त आहे. पण गावातली पोरं खरोखर काय खेळतात ते पाहावं. व्हॅलोरंट बनवणाऱ्यांनी सेकंदाला ३० फ्रेमसाठी जी किमान गरज छापली, त्यात इंटेलचं एचडी ४००० आहे, म्हणजे २०१२ च्या प्रोसेसरमध्ये फुकट मिळणारं ग्राफिक. जीटीए फाइव्ह पीसीवर आला २०१५ च्या एप्रिलमध्ये आणि त्याची किमान अट होती २००८ सालचं कार्ड. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये पीसीच्याही आधी हातात मावणाऱ्या निन्टेंडो स्विचवर आला. या सगळ्यांना ५६००जीमधलं अंगचं ग्राफिक बेताच्या सेटिंगवर पुरतं. एकच पथ्य: रॅमची १६ जीबीची एक कांडी न घेता ८-८ च्या दोन घ्याव्यात, कारण अंगचं ग्राफिक रॅममधूनच खातं आणि दोन वाटांनी वाढलं तर पोटभर खातं. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी असे चढवले की काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. त्यामुळे ‘रॅम नंतर वाढवू’ हे वाक्य सध्या जपून वापरावं. आणि हो, या पीसीवर सगळं चालणार नाही. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमला रे ट्रेसिंगचं कार्डच लागतं. शिवाय ५६००जीची कॅश साध्या ५६०० च्या निम्मी आहे, १६ एमबी. पुढे तगडं कार्ड लावलं तर थोडा वेग हातचा जाईल. मला तो सौदा मान्य आहे. जळालेल्या मदरबोर्डावरचं उत्तम कार्ड सेकंदाला शून्य फ्रेम देतं.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा आणि जास्त वजनदार: ‘लॅपटॉप घे की, त्यात बॅटरी असते.’ लाइटच्या प्रश्नावर याहून सरळ उत्तर नाही, हे कबूल करावंच लागेल. ज्याला मुख्यतः अभ्यासच करायचाय त्याने खुशाल लॅपटॉप घ्यावा. अडचण अशी की पीसीचा अर्जही घरात ‘अभ्यासासाठी’ याच शीर्षकाखाली मंजूर झालेला असतो, त्यामुळे खरी गरज काय ते बोलायची सोय उरत नाही. खेळायचं असेल तर मात्र बॅटरीवर लॅपटॉपचं ग्राफिक आपला जोर आवरतं घेतं, उन्हात तो आधी तापतो, आणि एक भाग गेला तर बऱ्याचदा अख्खा बोर्ड बदला म्हणतात. पीसीचा एक भाग गेला तर तेवढाच पिशवीत घालून सोलापूरला नेता येतो.

तिसरा आक्षेप काकांचा: चौघा चुलतभावांना चार पीसी कशाला, एक घ्या आणि वाटून घ्या. पोरांना हा अन्याय वाटतो, पण अणदूरकरांनी तरी वाटणीला नाकं मुरडू नयेत. इथला खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात राहतो. देव एक, देवळं दोन, आणि दोन्हीकडच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार. अशी चोख व्यवस्था असलेल्या गावात एका पीसीचा करार चार भावांना जमू नये? त्यात रात्री नऊनंतरचे तास कोणाचे, परीक्षेच्या महिन्यात पीसी कोणाच्या घरी आणि धूळ कोण झटकणार, एवढं लिहिलं तरी पुरे. चौघांचे पैसे एकत्र आले तर मी वर म्हटलेली सगळी काटकसर जरा सैल सोडता येईल.

आणि कार्ड? ते वर्षभराने, जुनं घ्यावं. इथेरियम या आभासी चलनाने २०२२ च्या १५ सप्टेंबरला खाणकाम बंद केल्यावर दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली आणि त्यातली कित्येक अजून हात बदलत फिरतायत. राबलेलं म्हणजे वाईटच असं नाही. पंखा आणि थर्मल पेस्ट बदलून ती चालतात. जपायचं ते नावाला. ‘आरएक्स ५८०’ म्हणून जे दाखवतात ते कधी कधी ‘२०४८ एसपी’ निघतं, म्हणजे आतून आरएक्स ५७०. अस्सल ५८० मध्ये शेडर २,३०४ असतात. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर हा आकडा क्षणात दाखवतं. दुकानदाराला ते त्याच्याच मशीनवर, आपल्यासमोर चालवायला सांगावं. तो म्हणाला, ‘घरी जाऊन निवांत बघा,’ तर घरी जावं, कार्ड मात्र त्याच्या काउंटरवर ठेवून.