सबसिडी गेली, पऱ्हाटी आली

प्रति,
माननीय इंधन-अनुदान कपातकर्ते,
मुख्य कार्यालय दिल्ली, शाखा मुंबई.

विषय : खात्यात शून्य रुपये नियमित जमा होत असल्याबद्दल आभार व तीन किरकोळ मागण्या.

महोदय,

मी अकोल्याची साधी गॅसग्राहक. आधी आपल्या हातसफाईला दाद देते. अनुदान बंद करायचं म्हणजे घोषणा आली, रास्ता रोको आला, रिकामं सिलिंडर डोक्यावर घेतलेले विरोधक आले. आपण यातलं काहीच होऊ दिलं नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगभर तेल कोसळलं, मुंबईत घरगुती सिलिंडर ५७९ रुपयांवर आला. अनुदानित भाव आणि बाजारभाव एकच झाला, म्हणून अनुदान शून्य. हिशेब चोख. पुढे मार्च २०२३ पर्यंत तोच सिलिंडर मुंबईत ११०२ रुपये ५० पैशांना गेला. अकोला-अमरावतीला वाहतुकीची भर वेगळी. गरीब घरांसाठीच्या उज्ज्वला योजनेतल्या बायांना मे २०२२ पासून दोनशे रुपये मिळू लागले, पण बाकीच्यांचं शून्य काही जागचं हललं नाही. कापल्याचं कोणी जाहीरच केलं नाही, तर मोर्चा न्यावा कशावर?

त्याच मे २०२० मध्ये आपण पेट्रोलवर लिटरमागे दहा आणि डिझेलवर तेरा रुपये उत्पादन शुल्क वाढवलं. स्वस्त झालेलं तेल वऱ्हाडापर्यंत येता येता उन्हानं हैराण होईल, या काळजीनं ती स्वस्ताई दिल्लीतच ठेवून घेतली असणार. शाखा मुंबईही मागे नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये दुष्काळाचा अधिभार बसला. ज्याचं सोयाबीन वाळलं, त्यानंच ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरताना स्वतःच्या दुष्काळनिधीला वर्गणी दिली. इतकं स्वावलंबन आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

आता आमच्याकडची खबर. दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात, आमच्या जाऊबाईंचं घर आहे. त्यांच्या सैपाकघरात सिलिंडर आहे. त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरलेला आणि वर पापडांचा डबा. मागच्या अंगणात टिनाला टेकेल एवढी पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, गंजी. विचारलं तर म्हणाल्या, “हाये न बाई गॅस. पाव्हणे आले का चहा त्याच्यावरच मांडतो. सयपाक चुलीवर.” म्हणजे आपल्या दप्तरात हे घर धूरमुक्त, आणि भिंत मात्र काजळीनं काळी.

गंमत पुढे आहे. कृषी विभाग आणि आमच्या अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दरवर्षी घसा फोडून सांगतात, की फरदड घेऊ नका, म्हणजे कापसाचं पीक हंगामापलीकडे लांबवू नका, आणि पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका. गुलाबी बोंडअळी त्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत दडून बसते आणि पुढच्या कापसावर उतरते. २०१७ च्या हंगामात तिनं काय केलं, ते इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. तेव्हा एक खातं म्हणतं पऱ्हाटी रचू नका, आणि दुसऱ्या खात्याचा भाव म्हणतो रचाच. सबसिडी आटल्यावर योजनेला नवी लाभार्थी मिळाली ती बोंडअळी. तिला आधार लागत नाही, केवायसी लागत नाही आणि अंगठा उमटला नाही म्हणून कोणी परत पाठवत नाही.

मागे रॉकेलकडे फिरायचं म्हटलं, तर तो जिनाही आपण काढून घेतलाय. घरात गॅस आला म्हणून रेशनकार्डावर शिक्का पडला आणि रॉकेल तुटलं. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रॉकेलच्या अनुदानाला दमडी ठेवली नाही. रॉकेल जावं, याबद्दल माझी तक्रार नाही, त्या स्टोव्हनं किती सुना जाळल्या ते आम्ही पाहिलंय. पण गॅस परवडेना झाला की मधली पायरीच उरत नाही, बाई थेट चुलीपुढे येते.

आणि भावांचं वेळापत्रक! २०२३ च्या राखीला दोनशे रुपयांनी उतार. ८ मार्च २०२४ ला महिला दिनाची शंभराची ओवाळणी, आणि आठ दिवसांत लोकसभेची निवडणूक जाहीर. जुलै २०२४ मध्ये शाखा मुंबईची अन्नपूर्णा योजना, वर्षाला तीन सिलिंडर मोफत, नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान. एप्रिल २०२५ मध्ये असा कोणताच मुहूर्त नव्हता, म्हणून पन्नास रुपयांची वाढ, उज्ज्वलासकट. माझी सूचना आहे की हे मुहूर्त पंचांगातच छापून घ्यावेत. लग्नाच्या तारखा काढताना बरं पडेल.

थट्टा पुरे. सरकारच्या तिजोरीला तळ असतो, हे आम्हालाही कळतं. देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, भाव सौदी अरेबियाच्या दरावर ठरतो. भाव दाबून धरला की तोटा तेल कंपन्यांच्या पुस्तकात साचतो आणि मग तो भरायला २०२२ मध्ये २२ हजार कोटी, २०२५ मध्ये ३० हजार कोटी काढावे लागतात. तेही आमच्याच करातून. अमरावतीच्या पगारदार बंगल्याला आणि निंदणाला जाणाऱ्या मजूर बाईला सारखंच अनुदान मिळत होतं, तेही बरोबर नव्हतं. २७ मार्च २०१५ ला आपण ‘गिव्ह इट अप’ म्हणालात, तेव्हा एक कोटीहून जास्त घरांनी आपखुशीनं अनुदान सोडलं. त्यात आमचंही घर होतं आणि त्याचा पस्तावा नाही. म्हणून कपात चुकीची, असं माझं म्हणणंच नाही. ती कोणाच्या चुलीत जाऊन पडते ते बघा, एवढंच म्हणणं आहे. उज्ज्वलाचं घर २०२४-२५ मध्ये वर्षाला सरासरी जेमतेम साडेचार सिलिंडर घेत होतं. त्या घराची अनुदानाची मर्यादा आपण २०२५-२६ साठी बारावरून नऊवर आणली. अर्धपोटी माणसाला जास्त जेवू नको म्हणून बजावण्यातलाच हा प्रकार.

तेव्हा मागण्या अशा :

एक. पैसे आधी भरा, सवलत मागून खात्यात, ही रीत मजुराच्या घरी चालत नाही. अन्नपूर्णेतही आधी पूर्ण भाव मोजायचा, मग ८३० रुपयांपर्यंत परत. ज्याच्याकडे आधीचे पैसे असते, त्याला सवलत कशाला लागली असती? गाडी दाराशी येते तेव्हाच कमी घ्या. पाच किलोचं सिलिंडर रेशन दुकानापर्यंत आणा, एका आठवड्याच्या मजुरीत बसेल असं.

दोन. मदत हंगाम पाहून द्या. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पैसा बी-खतात गेलेला असतो आणि पऱ्हाट्या ओल्या होऊन नुसत्या धुमसतात. बाईचे डोळे तेव्हा सर्वांत जास्त चुरचुरतात. गरिबाच्या वाट्याचं अनुदान त्या चार महिन्यांत जास्त द्या. कापूस विकून हाती पैसा आला की कमी केलं तरी चालेल.

तीन. भावाचा नियम लेखी द्या. तेल चढलं तर किती वाढणार, उतरलं तर किती कमी होणार आणि कर किती घेणार, हे एकदा जाहीर करून टाका. चढताना बाजार आणि उतरताना सरकार, असं नको.

आमच्याकडून आम्हीही लिहून देतो. तुरीची डाळ तासभर भिजवून कुकरला लावू. ज्याच्या दारी दोन जनावरं आहेत तो बंद पडलेला गोबर गॅस पुन्हा सुरू करील. अकोल्याचं ऊन मे महिन्यात कोणाच्याही कामाचं नसतं, त्यात सौरपेटी ठेवून भात शिजवू. रोडगे गवऱ्यांवरच भाजू, कारण गॅसवर भाजलेला रोडगा वऱ्हाडात कोणी खात नाही. आणि ज्याला परवडतं त्यानं सवलत मागू नये, हेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगू. त्यांचा राग आम्ही सोसू.

फक्त एकदा आपणही ‘गिव्ह इट अप’चा फॉर्म भरावा. अधिभार सोडला, लपवाछपवी सोडली, सणाचा मुहूर्त सोडला, असे तीन रकाने पुरेत. आधार क्रमांक आम्ही मागणार नाही.

आपली,
एक गॅसग्राहक, अकोला

प्रत माहितीसाठी :
१) कृषी विभाग. गंजी हलवण्याआधी त्यांनी कृपया पेट्रोलियम खात्याशी एकदा बोलून घ्यावं.
२) गुलाबी बोंडअळी. वेगळं पत्र पाठवण्याची गरज नाही, ती पत्त्यावर हजर आहे.