सूर्यास्तावर बंदी, टाकीला परवानगी

फोटोग्राफीच्या साप्ताहिक उपक्रमात जो कोणी ‘सूर्यास्त’ हा विषय सुचवेल, त्याच्याकडून दंड वसूल करावा आणि त्या पैशातून बाकीच्यांना चहा पाजावा, असं माझं ठाम मत आहे. मीरा-भाईंदरमध्ये असं बोलणं धोक्याचं आहे, याची मला कल्पना आहे. शहराच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे, उत्तन आहे, पाली आहे, चौक आहे, नांगरलेल्या होड्या आहेत आणि दीपस्तंभही आहे. सूर्य रोज न चुकता, महापालिकेची कसलीही परवानगी न घेता, तिथेच मावळतो. उपक्रमाची रीत आता सगळ्यांना पाठ आहे. सोमवारी विषय जाहीर होतो, रविवारपर्यंत प्रत्येकाने त्यावर एक फोटो द्यायचा आणि मग सगळ्यांनी मिळून त्या फोटोंची चिकित्सा करायची. यातली पहिली दोन कामं उत्साहाने होतात. तिसऱ्याच्या वेळी ‘अप्रतिम’, ‘एक नंबर’ आणि टाळ्या वाजवणाऱ्या पिवळ्या हातांची रांग लागते. मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी अशा सगळ्या भाषा नांदणाऱ्या या शहरात एकमत व्हायला तेवढे हात पुरतात. चिकित्सा होत नाही, कारण आपल्या लोकांना टीका सोसत नाही, असं सगळे म्हणतात. मला वाटतं, यात लोकांपेक्षा विषयाचा दोष जास्त आहे. देखण्या विषयाच्या फोटोवर टीका करताच येत नाही. विषय जितका रुक्ष, तितकी चिकित्सा खरी होते, आणि फोटोही तितका बरा निघतो.

टीका होते ती निर्णयावर. कुठे उभं राहिलात, बटण कधी दाबलंत, चौकटीत काय घेतलंत आणि काय वगळलंत, एवढे चारच निर्णय आता माणसाच्या हातात उरले आहेत. उजेड किती घ्यायचा, आभाळ सांभाळायचं की जमीन, हे फोन स्वतःच ठरवतो. एकाच क्षणी अनेक फ्रेम घेऊन त्यांची तो गुपचूप मोट बांधतो. उत्तनच्या किनाऱ्यावर संध्याकाळी हे उरलेले चार निर्णयही सूर्यच घेऊन टाकतो. तो असेल तिकडे तोंड करायचं, तो पाण्याला टेकला की बटण दाबायचं, मध्ये एक होडी घ्यायची आणि पायाशी आलेला कचरा वगळायचा. पंचवीस माणसं पंचवीस फोन घेऊन गेली तरी फोटो एकच येतो, होडीचा रंग तेवढा बदलतो. अशा फोटोला नावं ठेवायची, तर ती थेट सूर्यनारायणालाच ठेवावी लागतात, आणि ते धाडस कोण करणार? याच किनाऱ्यावर चौकला धारावीचा किल्ला आहे. १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी तो घेतला, कारण तिथून वसईच्या खाडीच्या तोंडावर वचक ठेवता येत होता. त्याच वर्षी मे महिन्यात वसईही पडली. कुठे उभं राहायचं, हा निर्णय किती मोलाचा असतो ते त्या टेकडीने एकदा सिद्ध करून दाखवलं आहे. आता तिथे पोचलेला माणूस खाडीकडे ढुंकूनही न बघता फोन पश्चिमेला धरतो.

बरं, ‘अप्रतिम’ लिहिणारे सगळे काही आंधळे नसतात. कौतुक हा आपल्याकडे आहेर आहे. कुणी किती केला याची वही मनात ठेवलेली असते, आणि आलेला आहेर परत करावाच लागतो. तुम्ही माझ्या होडीला ‘वा’ म्हणालात, आता तुमच्या होडीला मी ‘वा वा’ म्हणणं आलं. फोटो फुकट झाल्यापासून या देण्याघेण्याला ऊत आला आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती ऑक्टोबर १८५४ मध्ये, म्हणजे लंडनच्या सोसायटीनंतर दोन वर्षांच्या आतच. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी होते. त्या काळी काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत धुवायचा. हे सगळं मुंबईच्या उकाड्यात! एवढी यातायात करून आणलेलं छायाचित्र सभेपुढे ठेवल्यावर ‘अप्रतिम’ म्हणून पुढे सरकणं हा त्या माणसाचा अपमानच झाला असता. थर कुठे फाटला, सावली का काळवंडली, हे त्याला ऐकायचंच असणार, कारण पुढची काच वाया जाऊ द्यायची नव्हती. आज वाया जायला काहीच नाही, त्यामुळे ऐकून घ्यायलाही काही उरलेलं नाही. ती अडचण परत आणायची, तर काचा आणि रसायनं आणायची गरज नाही. अडचणीचा विषय दिला की काम भागतं.

रुक्ष विषयाचं पीक किती चांगलं येतं, याचे दाखले जगभर आहेत. अमेरिकेतल्या एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. त्या फोटोचं नाव ‘मिरची क्रमांक ३०’ असं आहे, म्हणजे आधीच्या मिरच्यांनी काय सोसलं असेल त्याची कल्पना यावी. मिरची मुळात देखणी नाही, म्हणून उजेड कुठून आणायचा, मागे काय ठेवायचं, ती कुठल्या अंगाने वळवायची, हे सगळं वेस्टनलाच ठरवावं लागलं. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने १९५९ पासून पुढची कितीतरी वर्षं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या आणि कोळशाच्या खाणींवरचे मनोरे यांचे फोटो काढले. ऊन पडलेलं त्यांना चालत नसे. ढगाळ, सपाट उजेडाची ते वाट बघत, म्हणजे टाकीशिवाय दुसरं काही मिरवायला नको. १९९० मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत त्यांना सुवर्णसिंह मिळाला, तोही शिल्पकलेसाठी. टाक्यांचे फोटो इतके मन लावून काढले की परीक्षकांना त्या टाक्या शिल्पांच्या पंक्तीला बसवाव्या लागल्या. इतकं लांब जायचं नसेल तर आपले दादासाहेब फाळके घ्या. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म खर्चून त्याच्या वाढीचा छोटा चित्रपट केला. त्यावर भांडवल उभं राहिलं आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया वाटाण्यावर आहे, सूर्यास्तावर नाही, ही गोष्ट विषय ठरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

आता मीरा-भाईंदरला याहून जास्त काय हवं? रुक्ष विषयांच्या बाबतीत निसर्गाने आणि नगररचनेने या शहराला भरभरून दिलं आहे. ‘पांढरा’ हा विषय घ्या. भाईंदरला मिठागरं आहेत. उन्हात मिठाच्या ढिगाचा फोटो काढला की मीठ हमखास राखेसारखं दिसतं, कारण समोरचं जग सरासरीने करडं आहे अशी कॅमेऱ्याच्या मोजमापाची पक्की समजूत असते. मीठ असो की म्हैस, तो दोन्ही करड्याकडेच ओढतो. मीठ पांढरं दिसायला हवं असेल तर उजेड हाताने वाढवावा लागतो, म्हणजे यंत्राशी वाद घालावा लागतो. त्या फोटोखाली ‘मीठ मळकं आलंय’ असं कुणी लिहिलं, तर ती टीका बिनचूक असते, उपयोगी असते, आणि तिने कुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार होत नाही. ‘सुट्टी’ हा विषय दिला तर लोक गोव्याचे जुने फोटो शोधू लागतील. पण जून आणि जुलैत मासेमारी बंद असते, आणि उत्तनच्या होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. शहरात त्या दोन महिन्यांत खरी सुट्टी फक्त होड्यांना असते. ‘गर्दी’ हा विषय सर्वांत अवघड, कारण विरार लोकलमध्ये भाईंदरला उतरू पाहणाऱ्या माणसाचा हात खिशापर्यंत पोचत नाही, फोन बाहेर काढणं तर दूरच. आणि टाक्या! इमारतींच्या गच्च्यांवर रांगेने बसलेल्या काळ्या टाक्या बघायला बेखर दांपत्य इथे आलं असतं, तर परत गेलं नसतं. इतकी वर्षं या शहराने वाट पाहिली ती काही सूर्याची नव्हे, पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीच्या पाण्याची. ते पाणी आणणाऱ्या योजनेत मीरा-भाईंदरचा वाटा रोज २१८ दशलक्ष लिटर धरलेला आहे. ‘वाट पाहणे’ या विषयासाठी रिकामी टाकी आणि भरलेला टँकर यांच्याइतकी बोलकी जोडी दुसरी सापडणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, टाकी हा विषय दिला तर सगळे टाकीच आणतील आणि चाळीस टाक्या बघण्याची शिक्षा सगळ्यांना भोगावी लागेल. हा आक्षेप घेणाऱ्यांना समस्यापूर्ती माहीत नाही. श्लोकाचा शेवटचा चरण ठरवून द्यायचा आणि बाकीचे चरण कवीने रचायचे, हा जुना दरबारी खेळ. कालिदासाच्या नावावर एक आख्यायिका सांगतात. भोज राजाने समस्या म्हणून नुसता ठणठणाट दिला, शब्दच नाहीत. कवीने त्यातून एका स्त्रीच्या हातून सुटून जिन्यावरून गडगडत जाणारा घडा उभा केला. राजाने ‘चंद्र’ असा विषय दिला असता तर दरबारात शंभर चंद्र उगवले असते आणि एकही लक्षात राहिला नसता. बंधन जितकं विचित्र, तितक्या वाटा जास्त फुटतात. टाकी म्हटल्यावर कुणी तिच्या सावलीत झोपलेलं मांजर आणेल, कुणी झाकणावर ठेवलेली वीट आणेल, कुणी रखवालदाराच्या हातातली चावी आणेल. सूर्यास्ताला कसली सावली आणि कसलं झाकण?

दुसरा आक्षेप जास्त हळवा आहे. माणसं दिवसभर राबून येतात, विरंगुळा म्हणून एखादा फोटो पाठवतात, तिथेही परीक्षा कशाला? बरोबर आहे. ज्याला नुसता विरंगुळा हवा, त्याने खुशाल सूर्यास्त काढावा आणि घरच्यांना दाखवावा. घरचे ‘छान’ म्हणतील, तो त्यांचा धर्म आहे. पण सात दिवस वेळ देऊन, विषय घेऊन, दहाजणांपुढे फोटो मांडणारा माणूस मनातून विचारत असतो की, कसा झालाय? त्याला ‘अप्रतिम’ म्हणणं म्हणजे उत्तर टाळणं. हेही कबूल की, आपल्याकडची टीका बऱ्याचदा टीका नसतेच. एक गृहस्थ प्रत्येक फोटोत क्षितिज तिरकं आहे का ते तपासतात, फोटो भिंतीचा असला तरी. दुसरे ‘कॅमेरा कुठला?’ एवढंच विचारतात, जणू फोटो कॅमेऱ्याने काढला आणि माणूस नुसता सोबत होता. तिसरे ‘रूल ऑफ थर्ड्स’ची आठवण करून देतात. या नियमाला नाव दिलं ते इंग्लंडमधल्या जॉन थॉमस स्मिथ या चित्रकाराने, १७९७ मध्ये, निसर्गचित्रांसाठी. तेव्हा फोटोग्राफीचा जन्मही व्हायचा होता, आणि हे गृहस्थ मात्र तिच्या पत्रिकेतला दोष सांगितल्यासारखा तो नियम ऐकवतात. चौथे न विचारता तुमचाच फोटो कापून, रंग चढवून ‘असा हवा होता’ म्हणून परत पाठवतात. या चौघांवरही रुक्ष विषय हा उतारा आहे. टाकीसमोर क्षितिज नसतं, महागड्या कॅमेऱ्याला विशेष काही सांगायचं नसतं आणि रंग चढवला तरी ती टाकीच राहते. मग नाइलाजाने फोटोकडे बघावं लागतं. नजर आधी कुठे गेली, ती तिथे न्यायची होती का, आणि काय काढून टाकलं असतं तर चाललं असतं, एवढे तीन प्रश्न प्रत्येकाने सोडवले तरी चिकित्सा होते. यात माणसाचा पाणउतारा कुठेच येत नाही.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रुक्ष विषयाच्या नावाखाली लोक दुसऱ्याच्या कष्टांचे आणि दैन्याचे देखणे फोटो काढू लागतील, अशी भीती आहे, आणि ती खरी आहे. उत्तनला बांबूंवर बोंबील वाळत घालणारी कोळीण उन्हात उभी असते, आणि समोरचा पाहुणा तिला ‘मावशी, इकडे बघा, आता नका बघू’ अशा सूचना देतो. पण नीट पाहिलं तर हा रुक्ष विषयाचा रोग नाही, देखण्या विषयाचाच आहे. मावळतीसमोर होडी घेतात तशीच ती बाई चौकटीत घेतली जाते, शोभेसाठी. तिचं काम बघायचंच असतं तर फोटोत दोरी दिसली असती, गाठी दिसल्या असत्या, टोपली दिसली असती. म्हणून चिकित्सेत चौथा प्रश्न सक्तीचा करावा. फोटोत चेहरा असेल तर विचारलं होतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर उजेड कितीही सोनेरी असो, फोटो बाद.

शेवटचा आक्षेप आपल्याच लोकांचा असतो. या शहरात बघण्यासारखं आहे काय? नगर परिषद १९८५ ची, महापालिका २००२ ची, बाकी सगळे टॉवर. याचं उत्तर रस्त्यावर उभं आहे. मेट्रो ९ चे खांब येण्याआधी मीरा-भाईंदरचा मुख्य रस्ता कसा दिसत होता, ते दाखवणारा साधा, सरळ, दुपारचा फोटो आज कुणाकुणाकडे आहे? त्या वर्षांत सूर्य काही कमी वेळा मावळला नव्हता, आणि त्याचे फोटो शोधायला कष्ट पडणार नाहीत. मिठागरं, जुन्या जेट्टी, राई-मुर्ध्याची उतरत्या छपरांची घरं यांनाही पुन्हा उगवायची सोय नाही. तेव्हा उपक्रम चालवणाऱ्यांनी पुढच्या महिन्याचे विषय लिहून घ्यावेत: जिना, कुलूप, गळका नळ आणि इस्त्रीवाल्याचं टेबल. नियम एकच. जो ‘अप्रतिम’ लिहील, त्याने काय अप्रतिम आहे ते तीन वाक्यांत सांगायचं. सांगता आलं तर तो समीक्षक. नाही आलं तर पुढच्या रविवारी सगळ्यात आधी त्याचा नळ चर्चेला घ्यायचा.