कोरं पान

आपला बायोडेटा इंटरनेटवर कोण वाचतंय हे कळावं म्हणून रास्मुस लेरडॉर्फ यांनी काही छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ च्या जूनमध्ये ते सगळ्यांना वापरायला मोकळे केले. त्यातूनच पुढे पीएचपी वाढली. एचटीएमएलच्या पानात मध्येच चार ओळी घुसवायच्या, सर्व्हरने त्या वाचून पान पुरं करायचं, एवढाच तिचा संसार. म्हणजे ती स्वतःच टेम्प्लेटची सोय. पण चार ओळींच्या चारशे झाल्या, सजावट आणि हिशेब एकमेकांत अडकले, तेव्हा मॉन्टे ओर्ट आणि आंद्रेई झ्मिएव्स्की यांनी पीएचपीतच एक वेगळं टेम्प्लेट इंजिन लिहिलं : स्मार्टी. सजावटवाल्याने टेम्प्लेटमध्ये राहावं, प्रोग्रॅमरने पीएचपीत राहावं, दोघांनी एकमेकांच्या कामात नाक खुपसू नये, असा त्यामागचा विचार.

विचार उत्तम. फक्त मंडळाच्या दिवाळी अंकाची वेबसाइट करताना सजावटवाला आणि प्रोग्रॅमर हा एकच इसम असतो, आणि तो कार्यवाहांचा पुतण्या असतो.

पुतण्याच्या लॅपटॉपवर विंडोज असतं आणि त्यावर सगळं झकास चालतं. तेच सर्व्हरवर चढवलं की पान कोरं. ना चूक, ना सूचना, ना साधी दिलगिरी. मागे उभे असलेले काका म्हणतात, "अरे, निदान 'लवकरच येत आहे' एवढं तरी दिसू दे!" काकांना कसं सांगणार, की हे कोरेपण मुद्दाम ठेवलेलं आहे? चालत्या सर्व्हरवर चुका पडद्यावर दाखवायची सोय बंद ठेवतात, आतले रस्ते परक्याला दिसू नयेत म्हणून. चूक नोंदवलेली असते. पण ती अपाचे या वेब सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये. पुतण्या तो सोडून बाकी सगळीकडे बघतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

लॉग उघडल्यावर पहिली तक्रार निघते ती फाइल सापडत नसल्याची. स्मार्टीच्या मुख्य फाइलच्या नावातला पहिला 'एस' कॅपिटल आहे. पुतण्याने स्मॉल लिहिलाय. विंडोज असल्या बाबतीत उदार. सर्व्हरवरच्या लिनक्सच्या लेखी त्या दोन निरनिराळ्या फायली. स्मार्टीच्या फोल्डरचा पत्ता लिहिताना शेवटची तिरकी रेघ राहून गेली, तरीही तीच गत.

मग खरा तमाशा सुरू होतो.

स्मार्टी टेम्प्लेट दर वेळी नव्याने वाचत बसत नाही. एकदा वाचतं, त्याची पीएचपी करतं आणि 'टेम्प्लेट्स_सी' नावाच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतं. मूळ टेम्प्लेट बदललं तरच पुन्हा हा खटाटोप. वेग त्यामुळेच मिळतो. पण लिहायचं म्हणजे परवानगी हवी, आणि ती पुतण्याला असून उपयोग नाही; वेब सर्व्हर ज्या नावाने वावरतो त्या खात्याला हवी. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या अवतारांवर ते खातं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', रेड हॅटवर 'अपाचे'. फोल्डर पुतण्याच्या मालकीचं, लिहायचंय अपाचेला, आणि लॉगमध्ये ओळीमागून ओळ : पर्मिशन डिनाइड. स्मार्टीच्या माहितीपुस्तकात स्पष्ट सांगितलंय, की फोल्डरची मालकी वेब सर्व्हरच्या नावे करा आणि परवानगी ७७० द्या. पुतण्या ७७७ देतो. एक आकडा जास्त, झोप लवकर. त्या फोल्डरमध्ये चालू शकणारी पीएचपी असते आणि ७७७ म्हणजे सर्व्हरवरच्या कोणालाही तिथे काहीही लिहायची मुभा, हा विचार रात्री दोन वाजता कोण करतो?

रेड हॅटच्या घरात मात्र ७७७ देऊनही पान कोरंच राहू शकतं. तिथे एसईलिनक्स नावाचा पहारा असतो. सोसायटीच्या सचिवांची चिठ्ठी दाखवली तरी "माझ्या वहीत नाव नाही" म्हणून अडवणारा वॉचमन असतो ना, तसा हा. फोल्डरवर त्याचं वेगळं लेबल लागतं. ही व्यवस्था अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली खुली केली. मंडळाच्या अनुक्रमणिकेपासून जगाचं रक्षण करायला इतकी थोर संस्था मध्ये पडेल अशी काकांना कल्पना नव्हती. पुतण्या पहाराच बंद करतो. पान दिसतं, काका पेढे मागवतात.

पेढे येईपर्यंत दुसरं लचांड उभं. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर 'टेम्प्लेट्स_सी' हे फोल्डरच वेब सर्व्हरने बनवलेलं असलं, तर मालक तो. त्यातल्या फायली पुसायला पुतण्या एफटीपीने आत शिरला, की दारातूनच परत. साइट त्याची, पैसे मंडळाचे, आणि कचऱ्यावर हक्क तिसऱ्याचा!

महिरपी कंसांचं प्रकरण त्या मानाने किरकोळ. स्मार्टीच्या खुणा महिरपी कंसात, जावास्क्रिप्टचा आणि सीएसएसचा सगळा कारभारही महिरपी कंसात. २०१० च्या स्मार्टी ३ ने तोडगा काढला : कंसानंतर मोकळी जागा असेल तर तो आपला नाही. जागा वाचवणारे टापटीप लोक तेवढे अजून अडकतात.

मराठी साइटचं स्वतंत्र दुखणं अक्षरांपासून सुरू होतं. जुन्या नोटपॅडमध्ये देवनागरी मजकूर नेहमीच्या पद्धतीने सेव्ह केला की प्रश्नचिन्हांची रांगोळी. म्हणून यूटीएफ-८ निवडावं, तर नोटपॅड फाइलच्या सुरुवातीला गुपचूप तीन बाइट चिकटवायचं. डोळ्यांना दिसत नाहीत, पण पीएचपीला दिसतात, आणि ती "हेडर आधीच गेले" म्हणून हात वर करते. हा आगाऊपणा २०१९ च्या विंडोज १० अपडेटमध्ये थांबला. तोवर कितीतरी पुतण्यांनी स्मार्टीलाच शिव्या घातल्या असतील.

आणि 'ट्रंकेट'! लांब मथळा कापून पुढे तीन टिंबं द्यायची ही स्मार्टीची सोय. मर्यादा सांगितली नाही तर ८० अक्षरं, टिंबं धरून. आता हा मथळा बघा : "दिवाळी अंकांची परंपरा आणि बदलता वाचक". काना-मात्रा, अनुस्वार, मोकळ्या जागा सगळं सुटं मोजलं तरी ३६ चिन्हं. कात्री लागायचं कारणच नाही. पण स्मार्टी २ ही जुनी आवृत्ती चिन्हं मोजत नसे, बाइट मोजत असे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे मथळा भरला ९८. पडद्यावर आलं : "दिवाळी अंकांची परंपरा आणि..." लेखक महाशयांचा फोन काकांना : "माझा वाचक कुठे गेला?" शब्द मध्येच तोडायची मुभा दिली असती तर शेवटच्या अक्षराचा तुकडा पडून तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह आलं असतं. वाचकाबद्दल ते अधिक प्रामाणिक ठरलं असतं, पण ते असो.

गंमत अशी, की स्मार्टीच्या जनकांपैकी झ्मिएव्स्की हेच पुढे पीएचपीच्या गाभ्यात युनिकोड आणायच्या मोठ्या कामाचे पुढारी. ती आवृत्ती सहावी ठरणार होती. २०१० मध्ये काम गुंडाळलं, आणि २०१५ च्या डिसेंबरात पाचनंतर थेट सातवी आवृत्ती आली. सहा आलीच नाही. स्मार्टी ३ ने एमबीस्ट्रिंग या एक्स्टेन्शनची मदत घेऊन चिन्हं नीट मोजायला सुरुवात केली. अर्थात सर्व्हरवर ते एक्स्टेन्शन बसवलेलं असेल तर.

यातला जवळजवळ एकही घोटाळा टेम्प्लेटचा नव्हता. कोणाच्या नावाची फाइल, कोणाला लिहायचा हक्क, कोण किती मोजतो, एवढंच. स्मार्टी ३ पासून 'टेस्टइन्स्टॉल' अशी एका ओळीची सोय आहे. ती कोणतं फोल्डर सापडत नाही, कुठे लिहिता येत नाही, ते सरळ छापून दाखवते. तेव्हा समस्त पुतण्यांना विनंती : यंदाच्या अंकाला हात लावण्याआधी ती ओळ चालवा, मागच्या वर्षीचं ७७७ काढून मालकी वेब सर्व्हरच्या नावे करा, ७७० द्या, आणि फोल्डरवर पहाऱ्याचं लेबल लावून बंद केलेला पहारा परत चालू करा.